पॅडलची जबानी

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघावे, सोनगीर आणि नरडाणा मागे टाकून तापीचा पूल ओलांडावा, शिरपूरच्या पुढे कपाशीची सपाट शेते विरळ होत जाऊन सातपुड्याची निळसर रांग समोर उभी राहावी, आणि मध्य प्रदेशाची हद्द लागण्याच्या थोडे अलीकडे, बिजासन घाट उतरून आलेल्या गाड्या मैदानाला लागतात तेथे, पळासनेर यावे, ही वाट खानदेशातल्या माणसाला तोंडपाठ असते. त्या पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास मध्य प्रदेशाकडून आलेल्या एका मालवाहू कंटेनरने दोन मोटारसायकली, एक मोटार आणि दुसरा एक कंटेनर यांना मागून धडक दिली, आणि तेवढ्यानेही त्याचा वेग न शमल्यामुळे तो बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसून उलटला. किमान १० माणसे मृत्युमुखी पडली, वीसहून अधिक जखमी झाली. त्यांत बसची वाट पाहत उभे असलेले लोकही होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत या साऱ्या अनर्थाचे कारण दोन शब्दांत आले होते: ब्रेक फेल.

हे दोन शब्द मी लहानपणापासून वाचीत आलो आहे. जुन्या मुलकी दप्तरांत गावोगावच्या मृत्यूंपुढे कारणाच्या रकान्यात बहुधा ‘ताप’ एवढाच शब्द लिहिलेला आढळतो. हिवताप असो, विषमज्वर असो, बाळंतरोग असो, नोंद करणाऱ्या पाटलाच्या लेखी सारे ताप. वैद्यकाने पुढे त्या एका शब्दाचे पोट फाडून आतून निरनिराळे रोग बाहेर काढले, आणि मगच त्यांवर इलाज करणे शक्य झाले. ‘ब्रेक फेल’ हा शब्द अद्याप त्या पाटलाच्या दप्तरातच राहिला आहे. तो कारण सांगत नाही; काय घडले तेवढेच सांगतो, आणि जेथे तहकीकात सुरू व्हावयास हवी नेमक्या त्याच जागी ती मिटवून टाकतो. हे मला पुस्तकांतून कळले नाही. ते मला कन्नडच्या घाटात, माझ्या स्वतःच्या उजव्या पायाने शिकवले, म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात औरंगाबादेहून आम्ही धुळ्याला परत येत होतो. बरोबर पत्नी आणि माझ्या थोरल्या भगिनी होत्या. कन्नड सोडल्यावर रस्ता पठाराच्या कडेला येतो आणि तेथून चाळीसगावच्या बाजूला उतरतो. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या अधिकाऱ्याच्या नावाने हा घाट कागदोपत्री औट्रम घाट म्हणून ओळखला जातो, लोक मात्र त्याला कन्नडचा घाटच म्हणतात. उतरताना पुढे मालाने लादलेला एक ट्रक होता. त्याला ओलांडून जाण्याची घाई नव्हती, म्हणून मी गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून, ब्रेकच्या पॅडलवर पाय सतत हलकासा टेकवून, त्याच्या मागे मागे उतरत राहिलो. मला वाटत होते की मी सावधपणे गाडी चालवीत आहे. घाट अर्ध्याहून अधिक उतरल्यावर एका वळणापूर्वी पॅडल दाबले, आणि ते पायाखालून असे निघून गेले की जणू त्याच्या मागे काही जोडलेलेच नव्हते. पाय थेट गाडीच्या तळाला लागला. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही.

पुढच्या काही क्षणांत जे केले ते विचारपूर्वक केले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पॅडलवर भराभर पाय मारला; चौथ्या-पाचव्या वेळी त्यात थोडासा जीव आला आणि लगेच गेला. गिअर तिसऱ्यात, मग दुसऱ्यात आणला, इंजिन मोठ्याने ओरडले, आणि त्या ओरडण्याबरोबर गाडी मागून कोणी धरावी तशी आखडली. हँडब्रेकचे बटण अंगठ्याने दाबून धरून तो थोडाथोडा वर ओढीत गेलो. शेवटी डोंगराच्या बाजूच्या गटारात पुढचे चाक घालून गाडी उभी राहिली. थोरल्या भगिनींनी एवढेच विचारले, “काय झालं रे?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या चाकांपाशी जळक्या रबरासारखा उग्र वास येत होता.

खरे आश्चर्य त्यानंतरचे. अर्ध्या-पाऊण तासाने धीर करून पॅडल दाबून पाहिले, तर ते नेहमीसारखे, टणक आणि भरवशाचे! चाळीसगावात एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तेथल्या कारागिराने पॅडल दाबले, चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ शोधले, काही सापडले नाही म्हणून पुढचे ब्रेक पॅड बदलले, आणि माझा पाय घसरला असावा असा निर्वाळा दिला. मी तो मुकाट्याने ऐकून घेतला, कारण त्या घडीला माझा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडालेला होता.

धुळ्यात आग्रा रोडलगत एका वयोवृद्ध मिस्त्रींचे छपराचे गॅरेज होते. गाडी समोर उभी असता त्यांनी तिला हात लावला नाही. मला एका स्टुलावर बसवले आणि फौजदाराने साक्षीदाराची जबानी घ्यावी तशी माझी जबानी घेतली. किती वेळ उतरत होता? गिअर कोणता होता? पॅडल मऊ झाले होते की दगडासारखे कडक? भराभर दाबल्यावर थोडे वर आले का? हळूहळू खचत गेले की एकदम गेले? आणि गाडी निवल्यावर परत आले का? शेवटच्या प्रश्नाला मी “हो, जसेच्या तसे” म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले. नवे ब्रेक ऑइल फिकट मधाच्या रंगाचे असते. माझ्या डबीतले ऑइल खूप उकळलेल्या चहासारखे काळे होते. गाडी घेऊन सहा वर्षे झाली होती, आणि या अवधीत इंजिनाचे ऑइल मी न चुकता बदलले होते. ब्रेकचे ऑइल बदलावयाचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

येथे थोडे थांबून या यंत्रणेची रचना सांगितली पाहिजे. पायाने पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि बारीक नळ्यांतल्या द्रवावर दाब पडतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच पंडिताने सांगितलेला नियम. त्याच नियमाने तो दाब चारही चाकांशी पोहोचतो आणि तेथे पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला घासतात. सारी भिस्त एका गोष्टीवर असते, ती ही की द्रव दाबला तरी आकसत नाही. परंतु ब्रेक ऑइलचा एक स्वभावदोष आहे: ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. बाजारात ज्याला डॉट ३ म्हणतात ते नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच जवळजवळ पावणेचार टक्के पाणी प्यायले की १४० अंशांवर उकळू शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. म्हणजे जुन्या ऑइलाची गाडी धुळ्याच्या बाजारपेठेत वर्षानुवर्षे बिनतक्रार चालेल, आणि एखाद्या घाटात पुढची चाके तापली की कॅलिपरमधले ऑइल उकळून त्याची वाफ होईल. द्रव आकसत नाही, वाफ मात्र आकसते. पाय दाबत राहतो आणि तो सारा जोर ती वाफ गिळून टाकते. गाडी निवली की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पॅडल पूर्ववत होते, आणि गुन्हा घडल्याची एकही खूण मागे उरत नाही.

कन्नड घाटाच्या त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्या भूमीवरून उतरताना थोडे गणित करणे अप्रस्तुत होणार नाही. १,२०० किलो वजनाची मोटार ३०० मीटर उंची उतरते तेव्हा जी शक्ती कोठे ना कोठे जिरवावी लागते ती जवळजवळ एक युनिट विजेइतकी असते, म्हणजे एक हजार वॅटची शेगडी तासभर चालावी इतकी. तीच मोटार ताशी ८० किलोमीटरच्या वेगातून एकदा थांबवावी तर तिचा बारावा हिस्सा पुरतो. घाट दहा-पंधरा मिनिटांत उतरावयाचा आणि इंजिनाला या कामात वाटेकरी करावयाचे नाही असे ठरवले, तर ती शेगडी बव्हंशी दोन पुढच्या चाकांत पेटते. आता मोटारीच्या जागी ४० टनांचा कंटेनर ठेवा. एका युनिटाची ३३ युनिटे होतात.

जड ट्रकांचे ब्रेक द्रवावर चालत नाहीत, हवेवर चालतात. कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो आणि पॅडल त्या हवेला वाट करून देते. चालक म्हणतात, “हवा उतरली.” हवा गळाल्यास काय, हा प्रश्न रेल्वेने फार पूर्वी सोडवला होता. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा १८६९ चा पहिला हवाई ब्रेक नळी फुटताच निरुपयोगी होत असे. १८७२ त त्याने योजना उलटी केली, अशी की नळीत हवा असेतो ब्रेक सुटलेले राहतील आणि हवा जाताच ते आपोआप लागतील. नव्या ट्रकांच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे ब्रेक याच तत्त्वावर आहेत. असे असता घाटात ट्रक का सुटतात? उत्तर हवेत नाही, ड्रममध्ये आहे. सतत घासून ड्रम तापतो. तापलेले लोखंड प्रसरण पावते, म्हणून ड्रमचा व्यास वाढतो आणि लायनरपासून त्याची भिंत दूर जाते. शिवाय तापलेल्या लायनरची पकडच कमी होते. हवा पुरेशी, नळ्या शाबूत, पॅडलही कडक, आणि गाडी मात्र थांबत नाही. उतारावर डिझेल वाचवावे म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडण्याची जी घातक रूढी आहे, तिने इंजिनाचा मदतीचा हात आधीच तोडलेला असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हे जुन्या चालकांचे शास्त्र आहे. ज्याला फेरीच्या वेळेवर आणि डिझेलच्या हिशेबावर मजुरी मिळते त्याला ते पाळणे परवडावे अशी व्यवस्था मात्र कोणी केलेली नाही. या एका गोष्टीचा मला मनापासून संताप येतो, आणि तो चालकाचा नव्हे.

मिस्त्रींकडे त्यानंतर मी अनेकदा जाऊन बसलो, कधी कामाने, कधी बिनकामाने. त्यांचा सोळा-सतरा वर्षांचा शागीर्द कोणतीही गाडी आली की आधी पान्याकडे धावे, आणि ते त्याला दरडावीत, “पहिले पायडल दाब, मंग बोल.” त्यांच्या मते पॅडल हाच अव्वल साक्षीदार. एकदा एका गृहस्थांची मोटार आली; चालत्या गाडीत ब्रेक लागत, परंतु सिग्नलला पाय दाबून उभे राहिले की पॅडल हळूहळू खाली उतरे. ऑइल कोठेही गळत नव्हते. मिस्त्रींनी पॅडल मध्यम जोराने दाबून ठेवण्यास सांगितले आणि ते इंचाइंचाने खचताना मला दाखवले: मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजले होते आणि द्रव बाहेर न येता आतल्या आत मागे सरकत होता. दुसऱ्या एका गाडीचे पॅडल दगडासारखे कडक. तिचे इंजिन बंद करून त्यांनी पाच-सहा वेळा पॅडल दाबले, मग पाय तसाच रोवून ठेवून शागिर्दाला चावी फिरवावयास लावली. पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर शाबूत असता तर इंजिन सुरू होताच पॅडल किंचित खाली गेले असते. ते जागचे हलले नाही. उतारावर इंजिन बंद करण्याचा मूर्खपणा का करू नये याचा इतका स्वच्छ धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही, कारण इंजिन बंद पडले की बूस्टरची शिल्लक दोन-तीन दाबांत संपते आणि पुढे सारा भार एकट्या पायावर पडतो. स्पंजासारखे दबणारे पॅडल म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा. एकदम खाली जाऊन दुसऱ्या दाबाला वर येणारे म्हणजे मागचे लायनर झिजून पडलेली फट. आणि पॅडल मुळी दबतच नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या एका माणसाच्या गाडीत, पॅडलखाली घरंगळत गेलेली पाण्याची बाटली निघाली. ती बाटली हातात घेऊन मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत.

१९६०च्या दशकापासून मोटारींच्या ब्रेकचा द्रव दोन स्वतंत्र वाटांनी नेण्याची रीत रूढ झाली, अशासाठी की एक वाट फुटली तरी दुसरी निम्मे काम करीत राहावी. याचा अर्थ असा की चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी, पूर्वसूचनेवाचून जाणे ही अत्यंत दुर्मीळ घटना आहे. बहुतेक वेळा सूचना आधी येऊन गेलेली असते: महिनाभर पेटून राहिलेला लाल दिवा, डबीतली उतरत गेलेली पातळी, एका बाजूला ओढणारी गाडी, उतरल्यावर आलेला तो वास. ‘अचानक’ हे विशेषण आपण यंत्राला लावतो. ते लावावयाचे असते आपल्या लक्ष देण्याला.

अपघातानंतर वाहन पोलीस ठाण्याच्या आवारात येते, मोटार वाहन निरीक्षक त्याची तपासणी करतात आणि त्यांचा अहवाल पुढे खटल्याच्या दस्तऐवजांत सामील होतो. यांत्रिक दोषाची सबब सांगणाऱ्या मालकाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली, एका लॉरीच्या अपघातातून उद्भवलेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या खटल्यात, स्पष्ट म्हटले आहे की दोष होता एवढे सांगून भागणार नाही. आपण सर्व वाजवी काळजी घेतली होती आणि तरीही तो दोष लपूनच राहिला, हे शाबीत करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कायदा इतका स्वच्छ असता तपासणीनेही त्याच तोलाचे काम केले पाहिजे. उभी, निवलेली गाडी घेऊन पॅडल दाबून पाहिले तर माझ्या गाडीसारखी ती निर्दोष ठरेल. तेव्हा पाहावयाचे ते दुसरेच: ब्रेक ऑइलात पाण्याचे प्रमाण किती, ड्रमवर किंवा डिस्कवर उष्णतेने येणारी निळी झाक आहे काय, लायनर काचेसारखे गुळगुळीत आणि चकाकते झाले आहेत काय, आणि धडकेच्या क्षणी गिअर कोणता पडलेला होता. हा शेवटचा प्रश्न पंचनाम्यात पहिल्या ओळीत असावा असे मला वाटते. दांडा न्यूट्रलला सापडला तर निम्मी तहकीकात तेथेच झाली, आणि तो खालच्या गिअरमध्ये सापडला तर त्या चालकाने शेवटपर्यंत झुंज दिली होती हे त्याच्या घरच्यांना कळण्याचा हक्क आहे.

धुळे शहराची गंमत अशी की ५२ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर त्याच्या उत्तरेला बिजासन आणि दक्षिणेला कन्नड असे दोन घाट आहेत, आणि दोन्हींचा उतार धुळ्याच्या दिशेने आहे. सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्या मधल्या या खोलगट मुलखात उत्तरेकडून या की दक्षिणेकडून, शेवटी उतरूनच यावे लागते. कन्नड घाटातून जड वाहनांना ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने मनाई झाली. बिजासनला तसा पर्याय नाही, तो मुंबई-आग्रा हमरस्ताच आहे.

माझ्या गाडीचे ऑइल बदलण्यास मिस्त्रींना तासाभराहून अधिक लागला नाही. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे म्हणून मागच्या डाव्या चाकापासून त्यांनी सुरुवात केली. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवले, शागीर्द आत बसून पॅडल दाबी आणि धरून ठेवी, ते पाना पाव फेरा फिरवीत, आणि काळे ऑइल नळीतून बाहेर येई. पुढच्या चाकाच्या नळीत बारीक बारीक बुडबुडे दिसले. मिस्त्रींनी बोट दाखवले. घाटात माझ्या पायाखालून पॅडल नेणारी ती वाफ केव्हाच विरली होती; हे बुडबुडे तिच्याच मागे राहिलेल्या हवेचे असोत किंवा आणखी कशाचे, ते संपून नळीत मधाच्या रंगाची अखंड धार येईपर्यंत त्यांनी शागिर्दाला उठू दिले नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी पळासनेरच्या थांब्यावर मुद्दाम तासभर उभा राहिलो. घाटाकडून गाड्या येत होत्या. थांब्यावरची माणसे त्यांच्याकडे पाहत नाहीत, ती ऐकतात, हे थोड्या वेळाने ध्यानी आले. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या ट्रकाची घरघर दुरून येते, आणि ती येत असेतो बोलणी चालू राहतात, बायका पिशव्या आवरतात, पोरे रस्त्याच्या कडेला खेळतात. मग एक कंटेनर आला. त्याची घरघर नव्हती. फक्त टायरांचा सळसळाट. शेजारच्या म्हातारबाबांनी माझा दंड धरून मला दोन पावले मागे घेतले. सारे गप्प झाले होते. कंटेनर हॉटेलांच्या रांगेशी आला, आणि तेथे कोठेतरी त्याचा गिअर पडला, इंजिनाने मोठा आवाज केला, आणि तो तसाच घरघरत शिरपूरच्या दिशेने निघून गेला. म्हातारबाबांनी माझा दंड सोडला.